रिकामी म्हणून कळवलेली जागा

दौंड,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय याकोबदादास,

प्रभूच्या नावाने सलाम. मी बरा आहे. स्वीटीवहिनींना आणि मुलांना सलाम सांग. फोनवर तू मध्येच बोलणं तोडतोस, म्हणून लिहितोय. पूर्ण वाच.

काल डेअरीत गोंधळ झाला. आमच्याकडे खरा सर्व्हर एकच. त्याच्यात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच संगणकात चार वेगळे संगणक असल्यासारखी, चालतात. दूध संकलनाचं एक, ते मी सांभाळतो, पगाराचं एक, असं. त्यांना मेमरी, म्हणजे काम करायला लागणारी जागा, वाटून देतो तो हायपरव्हायजर नावाचा प्रोग्राम. कुणाची किती जागा रिकामी आहे हे त्याला बाहेरून कळत नाही. ज्याचं त्याने सांगायचं. संकलनाचं मशीन दुपारी प्रामाणिकपणे सांगतं, एवढी मला आत्ता लागत नाही. मग ती दुसऱ्याला मिळते. पण सकाळी दूध आलं की ती परत मिळालीच पाहिजे. त्या भरवशावरच ते सांगतं.

आमच्या जालिंदरसाहेबांनी दुपारचा आकडा बघितला आणि ती जागा एका नव्या मशीनला कायमची बांधून दिली. काल सकाळी संकलन बंद पडलं. पाटसकडची गाडी दूध घेऊन उन्हात उभी. साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तूच दाखवली ना रिकामी हाय म्हणून? मग आता का बोंबलतो?"

दादा, मला तिथे तुझाच आवाज ऐकू आला.

ईस्टरला मी म्हणालो होतो, मी दौंडला असतो, घरातली माझी खोली रिकामी असते, लागली तर वापरा. तू भाडेकरू ठेवलास. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी खोली मागितली, कारण संडास त्या खोलीलाच लागून आहे. तू म्हणालास, "तूच बोलला होता." आई हॉलमध्ये, चादरीच्या पडद्यामागे. मी विचारलं तर म्हणते, "मला हितं बरं हाय रं. टीव्ही दिसतो." वहिनी हसल्या, "मालिका सोडवत न्हाईत त्यांना."

आई दिवसभर पाणी पीत नाही. हॉलमध्ये तुझी चर्च कमिटीची माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर लघवीचं भांडं मागायची तिला लाज वाटते. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तेवढाच होता. मी एक दिवस बघितला. तू रोज बघतोस.

साहेबांनी शेवटी नव्या मशीनची जागा कमी केली. माझं तोंड त्यांना आवडत नाही, मी बारावी नापास, तरी केली. तू माझा सख्खा भाऊ.

भाडेकरूशी, रविराजशी, मी स्वतः बोललो. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणाला, "आधी बोलायचं ना भाऊ. मित्राकडं जातो मी." तो रविवारी सकाळी निघतोय. मी उपासनेच्या आधी पोचतो. आईचा पलंग उचलायला दोघं लागतात. तू पुढे आला नाहीस तर रविराज हात लावणार आहे.

तोवर हॉलमधली माणसं बाहेर बसव, आणि आईला पाणी दे.

तुझा भाऊ, अजून तरी,
जोनाथन