तीन ओळींची आंब

नेवासा,
ता. १८ जानेवारी १९४६

चि. गिदोनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी आहे. शाळेची तपासणी पार पडली, शेराही बरा मिळाला. आईने आशीर्वाद सांगितले आहेत. एवढं लिहून पाकीट चिकटवावं असं फार वाटतंय, पण तसं केलं तर सोमवारी तू शेतकी कॉलेजात आपल्या हरभऱ्याचं नाव चाचणीच्या वाणांच्या यादीतून खोडून येशील.

गेल्या रविवारी अळीने फस्त केलेल्या तीन ओळी पाहून तू आपलं शेत राखणाऱ्या कानिफनाथांवर भडकलास. अळी तोंड लावून मागे फिरेल असं आंबट पानांचं बी तू चार वर्षं निवडलंस आणि राखणदाराने त्यात भेसळ केली, असं ठरवून त्यांना घालवलंस. मी शेजारीच उभी होते, तोंडाला कुलूप लावून.

काल उरलेल्या ओळींतले दोन डहाळे आणले. एक धुतला, एक तसाच ठेवला, दोन्हींवर अळी सोडली. न धुतलेल्यावरच्या अळीने चव घेतली, डोकं उचललं आणि ती टोपलीच्या काठाकडे निघाली. धुतलेल्याच्या दुपारपर्यंत काड्या उरल्या. तुझं बी चोख आहे, गिदोन. त्या तीन ओळींवरची आंब, पानांवर सुटणारा तो आंबट रस, मी नेली.

महिनाभर रोज उजाडताना, दंव असतानाच, मी त्या ओळींवर धुतलेलं फडकं फिरवून पिळत होते. घराजवळच्या म्हणून त्याच. आईच्या पोटात नाताळाआधीपासून कळा येतात, आणि पोटदुखीवर आंब पाजतात. तू आलास की ती तुझ्यासमोर हसत जेवते, तू वेशीबाहेर पडलास की सगळं ओकते. तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. आंबेने उतार पडला नाही. तरी तिला पाजत राहिले, कारण दवाखान्यात नेलं असतं तर तुला कळवावं लागलं असतं.

कानिफनाथांनी मला फडकं पिळताना पाहिलं होतं. तू जाब विचारलास तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि घोंगडी उचलली. परवा त्यांच्या घरी माफी मागायला गेले, तर म्हणाले, "ताई, तुमच्या आईचं दुखनं हाय. ते माझ्या तोंडून कसं निघंल?"

मला स्वतःची फार लाज वाटते.

हे पत्र उद्या पुण्याला निघणाऱ्या पाळकसाहेबांच्या हाती देते. नाव खोडू नकोस. कानिफनाथांची माफी तुझी तू माग. सोमवारी आईला नगरच्या दवाखान्यात नेते आहे. परीक्षेचं नंतर बघू, तू थेट तिथे ये. तिला पाहून दचकू नकोस, एवढंच.

आईला दिलेलं वचन मोडलेली,
तुझी हन्नाताई