मारबत खदानीकडे गेली

२ ऑगस्ट १९७१
बेबीचा ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड, म्हणजे मोतीझरा. मुदतीचा ताप आहे, धीर धरा. धीर कुठल्या दुकानात मिळतो ते नाही सांगितलं.

आज श्रावणी सोमवार. टेकडीवरच्या महादेवाला शहरातून माणसांची रीघ. पोरांच्या पिपाण्या, भाजलेले भुट्टे, खदानीच्या पाण्यातली कमळं तोडायला पळापळ. एक बाई फाटकाशी पाणी मागायला आली. म्हणते, "किती छान हवा हो तुमच्याकडे!" हवा! दिवा नाही, नळ नाही, बस नाक्यावर सोडते. आत पोरगी तापाने बरळते आहे.

५ ऑगस्ट
चादरी सारख्या भरतात. आमच्या ले-आउटमधल्या चारही घरांना मिळून एकच विहीर, तिथे असले कपडे कसे धुवायचे? मनटोराला सांगितलं, खदानीवर ने. तिला सोयीचंच, झोपडं तिथेच आहे. नवरा खदानीत दगड फोडतो, ही आमची भांडी-कपडे करते. छत्तीसगडची आहेत. कडेवर बिसाहू. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून हा झाल्याबरोबर शेजारणीला दिला आणि कोंडा देऊन परत विकत घेतला. म्हणून बिसाहू, विकत घेतलेला! गुलाम हसतो मात्र गोड.

१२ ऑगस्ट
ताप तसाच. बेबीने मला ओळखलं नाही.

नाल्यापलीकडच्या गावातून तुळसाबाई दूध घेऊन येते, तिच्याजवळ रडले. म्हटलं, ही जागाच मेली वाईट. म्हातारी शांतपणे म्हणाली, "वाईट नाही तं का वं बाई! हे आमची मारबत टाकाची जागा."

मला वाटत होतं, इथे पूर्वी संत्र्याची बाग होती. सोसायटीवाल्यांनी प्लॉट विकताना तसंच सांगितलं होतं. "बाग तिकडं होती. इथं नुसती झुडपं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची सारी रोगराई आमी नाल्याच्या या पार आणून टाकतो." म्हणजे गेल्या वर्षी कुंपणावर पळसाच्या फांद्या आणि ती चिंध्यांची बाहुली पडली होती, तो पोरांचा खेळ नव्हता! गावाचं दुखणं माझ्या दारात! मी भांडले. ती म्हणे, "मारबत पयल्यापासून हाय. तुमी मागून आले."

१५ ऑगस्ट
हे हसले. "मॅट्रिक झालेली बाई तू!" हसा. यांची आई असती तर तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. शेवटी शेजारच्या मारोतरावांना घेऊन हे गावात गेले, मीही गेले. रामाजी गावातले जाणते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग टाकाव कुठं गा साहेब? गावातच ठेवाव का?"

मीच बोलले. "पुढे न्या, टेकडीच्या पायथ्याशी. खदानीकडे. तिथे कोणी राहत नाही."

कोणी हरकत घेतली नाही. रामाजींनी मान हलवली.

२० ऑगस्ट
पोळा. पुरण घातलं नाही. मन लागत नाही.

२१ ऑगस्ट
उजाडायच्या आत आरोळ्या— "खांसी-खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मी फाटकाला घट्ट धरून उभी. पोरं फांद्या ओढत आली आणि न थांबता पुढे गेली, खदानीकडे. आत आले तर बेबीचं कपाळ घामाने ओलं, अंग गार! ताप उतरला! मी हात जोडले. कोणाला, ते नाही ठाऊक.

हे म्हणाले, मुदत भरली होती. भरली असेल!

२९ ऑगस्ट
बेबीने मऊ भात खाल्ला. वरून लोणचं मागितलं, लबाड!

मनटोरा कामावर येत नाही. झोपड्यांत ताप आहे म्हणे, बिसाहूलाही. तुळसाबाई म्हणाली, "पाहा, मी का सांगत होतो! मारबत तिकडं गेली, रोग तिकडं गेला." खरं लिहिते— मला आधी बरंच वाटलं. माझ्या घरून गेला ना! मग जेवताना बिसाहूचं हसू आठवलं आणि ताट सारलं.

२ सप्टेंबर
बेबीच्या उरलेल्या कॅप्सूल घेऊन खदानीवर गेले. या बाजूला पहिल्यांदाच आले. कोणी राहत नाही म्हणाले होते मी! दारादारात खाटा. वाटेवर त्या फांद्या सुकून पडलेल्या. बिसाहूचे डोळे उघडे, पण बघत नव्हते. मनटोराने माझ्या पायाला हात लावला आणि विचारलं, "बाई, हमको भी बता दो. हम कहाँ फेंकें?"

खदानीच्या पुढे जागाच नाही. वर टेकडी, देवाची. मी कॅप्सूल ठेवून पळत आले.

६ सप्टेंबर
बिसाहू गेला.

८ सप्टेंबर
डॉक्टर बेबीला बघायला आले. मी न राहवून सगळं सांगितलं— झोपड्या, मारबत, जागा मीच सुचवली ते. वाटलं हसतील, निदान रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तापात हिचे कपडे कुठे धुवत होता?"

"खदानीवर."

"आणि ती माणसं पाणी कुठलं पितात?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. मारबतीने काही नेलं नव्हतं. मी नेऊन दिलं, गाठोडं बांधून.

९ सप्टेंबर
मनटोराला सांगायला हवं. माझ्याने होत नाही.

१३ सप्टेंबर
मनटोरा कामावर आली. कडेवर कोणी नाही. भांडी घासली, मग नेहमीसारखे कपडे मागितले. मी म्हटलं, खदानीवर नको नेऊस. आजपासून इथे, विहिरीवर धू.

ती दचकून मागे सरली. "ना बाई, ना! वहाँ का पानी तो आप लोग पीते हो."