गिधाडांचा धडा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात नोएडातल्या माझ्या वर्गात मी तुम्हाला नाकारलं. आठवीला शिकवत होते. पूर्वी मेलेलं जनावर गिधाडं बघता बघता साफ करायची; ती संपली तशी मढी कुजत पडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली, वाढली, माणसांना चावू लागली. आणि गिधाडं संपली कशानं, तर गुरांच्या दुखण्यावरच्या एका इंजेक्शनानं. औषध देऊनही काही गाई मरायच्या, त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. एका मुलीनं विचारलं, “मॅम, ये इंजेक्शन लगाता कौन था?” मी म्हणाले, “थे कुछ लापरवाह डॉक्टर.”

तुम्ही, आणि लापरवाह! लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून स्कूटरवर निघायचात, कधीकधी सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एकदा मलाही नेलंत. यमुनेपलीकडच्या गोठ्यात एक गाय उठत नाहीये. तुम्ही तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणताय, “थोडंच टोचेल हं, बाई,” आणि गवळी हसतोय, “डॉक्टरसाब, ये मराठी नहीं समझती.” ती उभी राहिली तेव्हा तुमचा चेहरा असा फुलला होता, की मला तिचा हेवा वाटला. परतताना मेलेली जनावरं टाकायच्या माळावर तुम्ही स्कूटर थांबवलीत. दोन-तीन गिधाडं माना लोंबवून बसली होती. “आजारी दिसतात गं,” म्हणालात. कशानं, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते पेपरात छापून आलं तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात. त्या दिवशी शेजारचे काका चहाला आले होते. आई डोळ्यांनी खुणावत होती, तरी तुम्ही त्यांना म्हणालात, “हे औषध मीही दिलंय. वर्षानुवर्षं. गाई बऱ्या व्हायच्या, मला बरं वाटायचं.” काकांनी घाईघाईनं चहा संपवला. ते गेल्यावर मी तुमच्यावर चिडले, “कुणी विचारलं होतं का तुम्हाला?” तुम्ही कप उचलून आत गेलात. जेवायला बसला नाहीत.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. “मॅम, मेरे दादाजी भी जानवरों के डॉक्टर थे. वो लापरवाह नहीं थे.” तिची नजर माझ्यावरच होती. माझे बाबाही डॉक्टर होते, त्यांनीही तेच दिलं, आणि मी आत्ता बोलले ते खोटं होतं, एवढंच सांगायचं होतं मला. मी “अच्छा” म्हटलं आणि वह्या गोळा करू लागले.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, बाबा. तुम्ही काही वर मान करून माझ्याकडे बघणार नाही. काल पुन्हा त्याच वर्गावर तास होता. मी मुलांना पुढचा धडा उघडायला सांगितला.