क्लॅरोनेटची जागा

१९ ऑक्टोबर १९५३, सोमवार

पोचलो एकदाचा जळगावला! साक्रीहून मोटारीने धुळे, तिथून रेल्वेने चाळीसगाव, गाडी बदलून दुपारी इथे. पितांबर मास्तर स्वतः स्टेशनावर आले होते. एवढे नावाजलेले बँडमास्तर, पण माझी वळकटी त्यांनी आपल्याच खांद्यावर टाकली. मीच लाजलो. त्यांच्या घरी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटभर जेवलो. मग तालमीची जागा पाहिली. जिनिंग कारखान्याच्या मागचं पत्र्याचं लांबलचक गोदाम आहे. अर्ध्यात एका व्यापाऱ्याचा कापूस, अर्ध्यात आमचा बँड, मधे फळ्यांची भिंत. जमीन मातीची, फक्त मधोमध चार नव्या शहाबादी फरश्या बसवल्यात. क्लॅरोनेटवाल्याने तिथे उभं राहायचं, तिथून सूर चांगला घुमतो, असं मास्तर म्हणाले. म्हणजे मीच! साक्रीकडे वरातीत वाजवताना शेणात उभं राहावं लागायचं.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू. तेवढ्यात खोली बघून बायकोला, सुंदराला आणायचं. आजच पत्र टाकलं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

पहिली तालीम. दुपारी तीन ते पाच. आम्ही अकरा जण. मास्तरांचा एकच नियम: चीज सुरू झाली की संपेपर्यंत थांबायचं नाही. नवरदेवाचा घोडा उधळो, मांडव पडो, वाजवत राहायचं. सगळे हसले. ढोलवाला झुलाल मात्र हसला नाही. पन्नाशीचा, अबोल माणूस आहे.

माझ्या आधी इथे भटू नावाचा क्लॅरोनेटवाला होता. तो कुठे गेला म्हणून मी सहज विचारलं. मास्तर म्हणाले, चाळीसगावच्या बँडात गेला. बाकीचे आपापली वाद्यं पुसत बसले.

एक नवल वाटलं. मी दमाचा पक्का आहे, पण आज दुसऱ्याच चिजेला छाती भरून आली. प्रवासाचा शीण असेल.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

गोदामाच्या दाराशी रोज एक बाई येऊन उभी राहते. डोक्यावर गवताचा भारा, तो उतरवतसुद्धा नाही. तालीम संपली की जाते. तिच्याकडे कुणी बघत नाही. आज मी बाहेर पडलो तेव्हा तिने मला अडवलं.

"भाऊ, मधमा कोन वाजाडस?"

मी म्हणालो, मीच, अक्का. एकच क्लॅरोनेट आहे आमच्यात.

तिने मान हलवली. "दोन शेतस. दुसरा सूर मना घरना शे."

ती भिकुबाई, भटूची बायको; आत दोन क्लॅरोनेट वाजतात, दुसरा तिच्या नवऱ्याचा, असं तिचं म्हणणं. मार्गशीर्षात वर्ष होईल, नवऱ्याची चिठ्ठी नाही. चाळीसगावला दोनदा जाऊन आली, तिथल्या कुठल्याच बँडात तो नाही. कपाळावर कुंकू मात्र रुपयाएवढं.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

तिचं म्हणणं डोक्यातून जाईना. आज वाजवता वाजवता मुद्दाम क्लॅरोनेट ओठांपासून दूर केला.

सूर चालूच होता.

लांबून नाही, घुमून परत आलेला नाही. खालून, तळपायातून वर येत होता. आणि जितका वेळ तो वाजला तितका वेळ मला श्वास घेता आला नाही. छाती हलेचना. मी फरशीवरून बाजूला सरकलो तसा श्वास आला, सूर बंद झाला. मास्तरांनी डोळ्यांनीच दटावून मला परत जागेवर उभं केलं.

मी एकटाच घाबरलो होतो असं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. एकही माणूस थांबला नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या दिवाळी. तालमीला सुट्टी. झुलालच्या घरी गेलो आणि त्याचे पाय धरले. तमाखू मळता मळता त्याने सांगितलं.

गेल्या मार्गशीर्षात एक मोठी असामी बँड ऐकायला आली होती. भटू मास्तरांशी भांडून फळ्यांमागे कापसावर जाऊन पडला. मास्तरांनी त्याच्याशिवाय सुरुवात केली. मधेच फळ्यांवर धपाधप आवाज येऊ लागला. झुलालचा ठेका चुकायला लागला, त्याने मान वर केली. मास्तरांना वाटलं, भटू रागाने फळ्या बडवतोय. त्यांनी हाताने खुणावलं, थांबू नका. आवाज हळू झाला, मग बंद पडला. चीज संपली, पाहुणे वाहवा करून गेले, तेव्हा फळ्या काढल्या. कापसाचा ढीग कोसळला होता. भटूच्या तोंडात, नाकात कापूस.

पोलीस आले तर बँड बुडेल, अकरा घरं उपाशी मरतील, असं मास्तर म्हणाले. तिथेच, मधोमध खणून त्याला पुरलं. सगळ्यांनी शपथ घेतली.

"आम्ही बठ्ठा वाजाडत व्हतूत," म्हणजे सगळेच वाजवत होतो, असं झुलाल पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बठ्ठा."

तो म्हणाला, फरशीवर माणूस उभा असला की खालचा भटू त्याचाच श्वास धरतो, बाकीच्यांना त्रास देत नाही. भटूनंतर, माझ्या आधी, धुळ्याचा एक क्लॅरोनेटवाला आणला होता. पंधरा दिवसांत छाती भरून मेला.

मला आठ दिवस झाले आहेत— नाही. जास्त.

९ नोव्हेंबर

वळकटी बांधली. स्टेशनापर्यंत गेलो. वाटेत भिकुबाई, डोक्यावर भारा. मला बघून उभी राहिली.

गाडी गेली. मी तिला सगळं सांगितलं.

रडली नाही. पदराने कुंकू पुसलं, थोडं राहिलं ते थुंकी लावून पुसलं. रविवारी भावांना आणून खणणार म्हणाली.

१२ नोव्हेंबर

खोलीचा जिना चढताना तीनदा बसलो. खोकल्यातून पांढरे धागे.

मला सगळं माहीत झालंय हे मास्तरांना कळलंय. झुलालने सांगितलं असेल. मास्तर रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, शनिवारची तालीम तेवढी कर, मग जा.

१४ नोव्हेंबर, शनिवार. गोदामात

दाराला आतून कडी. मास्तर कडीपाशी उभे. झुलाल आला नाही. बाकीचे वाद्यं लावताहेत, माझ्याकडे कुणी बघत नाही. कोपऱ्यात बसून लिहितोय. वही सुंदराला पोचवा— साक्री, मारुतीच्या पारामागे—

मी वाजवणार नाही म्हणून सांगितलं. क्लॅरोनेट पेटीत बंद केलाय. फरशीवर पाय ठेवणार नाही.

सुरू झाले.

खालून— लांब सूर. फरशीवर नाही तरी माझा श्वास—

दार वाजतंय. भिकुबाई. एक दिवस आधीच आली. दोन्ही हातांनी बडवतेय. सूर ओळखला तिने. नाव घेऊन हाका मारतेय, त्याचं नाव—

मास्तरांनी हात वर केला. थांबू नका.

कुणी थांबत नाही. सगळे रडताहेत आणि वाजवताहेत—

कडी मीच काढणार. वीस पावलं. मधे फरश्या आहेत. सूर संपेपर्यंत श्वास नाही, आणि भटू तो संपवतच—

उठलो. चार पावलं. मास्तर