पडद्यावरचं नाव

४ एप्रिल १९९९, रविवार
मेहरूणला जाऊन आले. धाकट्या जावेने, रुक्माने, तिथे घरीच कॉम्प्युटर क्लास काढला. चार कॉम्प्युटर. चौघांवर टॉवेल, जसे काही आत्ताच न्हाऊन बसलेत. मला काही वाटलं नाही. पेढा अर्धाच खाल्ला, कडक होता.
वीस वर्षं मी टायपिंग क्लास चालवते. शिक्षण चौथी, पण टाइपरायटरवरचं इंग्रजीचं एकूण एक अक्षर फडक्याने पुसून ओळखीचं झालंय. तिला काय येतं? हसता येतं.
मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, शेवंताबाई, जूनपासून चाळीस मुली कॉम्प्युटरला पाठवणार. महिनाअखेर दोन्ही क्लास बघतील. अट एकच, चोरून कॉपी केलेले प्रोग्राम नकोत. रुक्माकडे बठ्ठे, सगळेच्या सगळे, चोरीचेच असणार. माझ्याकडे यंदा टायपिंगला सहा पोरी. ह्या चाळीस आल्या नाहीत तर दिवाळीला शटर खाली.
ठराव: तीस तारखेच्या आत रुक्माच्या पुढे.

७ एप्रिल, बुधवार
जुना कॉम्प्युटर आणला. झुलालभाऊ बसवून देणार. भुसावळला रेल्वेच्या तारखात्यात होते, रिटायर झाल्यापासून हाच नाद. त्यांनी मासिकासोबत आलेली सीडी आणली. लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम. फुकट, चोरीचं नाही.
म्हटलं, फुकटात किडेच निघतात. म्हणाले, अक्का, हा प्रोग्रामांचा कच्चा माल आहे, घरच्या मशिनवर शिजवायचा, मग चालतो. म्हटलं, मग सोपं आहे.
मशिनला नाव द्यावं लागतं. त्यांनी माझंच दिलं, manjula. मी सांगितलं नव्हतं. नुसती बाजूला उभी होते.

१० एप्रिल, शनिवार
मुळातला गाभा, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं, तो शिजला. दोन वेळा लाइट गेली, तिसऱ्यांदा झाला. बटन दाबलं की पांढऱ्या ओळी पळतात, त्यात पहिल्याच ओळीत manjula. कुठल्या मशिनवर शिजवलं ते म्हणे कायमचं कोरलं जातं. सात वेळा बंद-चालू केला. तपासायला.

१३ एप्रिल, मंगळवार
चित्रं दिसायला आणखी पाच तुकडे लागतात. पहिला म्हणतो, आधी दुसरा आणा. दुसरा म्हणतो, तिसरा कुठे आहे. तिसऱ्याला पहिला हवा, तोही ह्याच्यापेक्षा जुना. वरातीत रुसलेले व्याही बरे.
झुलालभाऊ शांत. चहासोबत तळलेले ज्वारीचे बिबडे खातात आणि थांबतात. मला थांबायचं जमत नाही. ठराव: उद्यापासून ओरडायचं नाही.

१४ एप्रिल, बुधवार
ओरडले.

१६ एप्रिल, शुक्रवार
तीन तुकडे झाले. भाऊ दोन दिवस भुसावळला. मशीन म्हणालं, जागा कमी आहे. त्यांनी फाइल पुसायची कशी ते दाखवलं होतं, म्हणून मीच साफसफाई केली. कच्चा माल पुसला. नुसत्या याद्यांच्या फाइलींचा ढीग होता, तोही पुसला. बिबड्यांचा घाटा थापून झाला की पातेलं घासून पालथं घालतात, माझ्या घरात तरी. रुक्माकडे तीन दिवसांची भांडी पडलेली असतात.
सीडी गच्चीवर दोरीने टांगली. काम झालं होतं तिचं. चमकते, चिमण्या वाळत घातलेल्या बिबड्यांकडे फिरकत नाहीत. रुक्माला असं सुचायचं नाही.

२० एप्रिल, मंगळवार
चौथा तुकडा अडला. भाऊ म्हणाले, मागच्या तिघांच्या याद्या कुठायत? त्या बघूनच पुढचा शिजतो. म्हटलं, पुसल्या, घर आहे हे. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. गाभ्याच्याही याद्या गेल्या, म्हणे पहिल्यापासून सुरू करू, सीडी आणा.
आणली. चव्वेचाळीस डिग्रीत चार दिवस. बिबड्यासारखी वाकली होती.
चूक सीडीची. पातळ बनवतात.

२२ एप्रिल, गुरुवार
कळलं, रुक्माच्या चारही मशिनवर आता लिनक्स आहे. चित्रांसकट. कोणी दिलं? झुलालभाऊंनी. आमच्या मशिनवर शिजलेला गाभा आणि सीडीची नक्कल तिला देऊन आले, पुढचे तुकडे तिच्याकडे शिजवले. मी विचारलं, कोणाला विचारून? म्हणाले, अक्का, ह्याचा नियमच आहे, घेतलं तसं पुढं देता येतं.
आजपासून त्यांना नुसता चहा.

२५ एप्रिल, रविवार
सगळा कच्चा माल आता जळगावात फक्त रुक्माकडे. तिने एक फाइल पुसलेली नाही. आळशीपणाचाही कधी उपयोग होतो.
ठराव: जाणार नाही. ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाचं घर, तुम्ही आणा. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, गेलो तर सांगेन तू पाठवलं म्हणून.

२७ एप्रिल, मंगळवार
गेले. सहज. तिकडून चालले होते.
बिबडे नेले. भाऊंनी काढून दिलेली माझ्या मशिनची हार्ड डिस्कही पिशवीत होती. आधी तुटके भरले होते, मग चांगले भरले. आपल्या घराची शोभा म्हणून.
रुक्माने बटन दाबलं. पांढऱ्या ओळी पळाल्या. पहिल्याच ओळीत manjula. चारही पडद्यांवर. म्हटलं, हे काय गं? म्हणाली, अक्का, बठ्ठं तुमनंच शे. रोज सकायले तुमनं नाव दखास.
पुसलं का नाहीस, विचारलं. म्हणाली, कसाले पुसू?
असं बोलून ती मोठेपणा मिळवते. मी ओळखून आहे.
माझी हार्ड डिस्क तिने ठेवून घेतली. तिचं मशीन जोरात चालतं, भाऊ तिथेच सगळं नव्याने शिजवून देणार आहेत.

२९ एप्रिल, गुरुवार
डिस्क आली, लावली. चित्रं आली. रंगीत. रुक्मापेक्षा माझ्याकडे निळा जास्त निळा आहे.
एकच. पहिल्या ओळीत आता rukma येतं. तिच्या मशिनवर शिजलं ना. पांढऱ्या ओळी पळत असतात तेव्हा पडद्यासमोर उभं राहायचं ठरवलं.

३० एप्रिल, शुक्रवार
शेवंताबाई आल्या. मी पडद्यासमोर उभी राहिले. म्हणाल्या, जरा सरका. ओळी वाचल्या. विचारलं, ही रुक्मा कोण?
सांगता आलं असतं. म्हटलं, आमच्या कुलदेवीचं नाव.
त्या म्हणाल्या, बरं. काल मेहरूणला गेले होते. तिथे पडद्यावर मंजुळा होतं. विचारलं, ही कोण, तर तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, आमच्या मोठ्या अक्का, मूळ त्यांनीच बनवलं.
चहा पूर्ण प्यायल्या. बिबडे दोन घेतले. दारात म्हणाल्या, मुली मेहरूणला पाठवते. तिथे विचारलेल्याचं उत्तर नीट मिळतं.
मला काही वाटलं नाही. ह्यांनी पेपर खाली ठेवला, एवढंच.
संध्याकाळी झुलालभाऊंना बिबडे तळून दिले. विचारलं, पडद्यावरचं ते नाव बदलायचं तर काय करावं लागतं?
म्हणाले, फार काही नाही अक्का. बठ्ठं पुन्हा पहिल्यापासून.