ओनोसानच्या वहीतलं लाल फूल

कावासाकी, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

श्रीधर आज कधी नव्हे तो कोडिंग टाकून लवकर घरी आला. तो, मी आणि आमची लेक रिया, तिघं एकत्र जेवायला बसलो आणि मला ओनोसान आठवल्या.

दुपारी माझ्या इंग्रजीच्या वर्गात समबडी, नोबडी शिकवलं. 'समबडी ॲट द डोअर', 'नथिंग इन द फ्रिज' असं फळ्यावर लिहून प्रत्येकीला एकेक वाक्य करायला सांगितलं. सत्तरीच्या ओनोसाननी लिहिलं, 'नोबडी इन माय हाउस ईट्स विथ मी.' माझ्या घरात माझ्याबरोबर कुणी जेवत नाही. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या! एकही चूक नाही म्हणून लाल पेनाने फूल काढलं, रियाच्या वहीत तिच्या इथल्या शाळेतल्या बाई काढतात तसं.

सगळ्या गेल्यावर ओनोसान वही घेऊन परत आल्या. "सेन्सेई, हे खरंच बरोबर आहे?"

बसा म्हणायला काय झालं होतं मला? खुर्च्या रिकाम्याच होत्या की. पण माझं लक्ष ट्रेनच्या वेळेकडे.

"अगदी बरोबर," म्हटलं, आणि त्या लाल फुलाला आणखी एक पाकळी काढून दिली.