तीन पायऱ्यांचं काय करू?

प्रिय पप्पा, तुम्हाला आणि मम्मीला खूप खूप सलाम.

तर मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत तेच झालं, मी घाई केली.

आमच्या मिशनच्या सेंटरमध्ये एक शिंपीकाका व्हीलचेअरवर बसून शिवणकाम शिकवतात. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये बायबल वाचायला ते आहेत, आयुष्यात पहिल्यांदाच. पण जिथून वाचायचं ते पुलपीट तीन पायऱ्या वर. मी म्हटलं, सुताराची मुलगी आहे, फळ्यांचा उतार मीच करते. रिकामी खुर्ची ढकलून बघितली, मस्त चढली.

काल काका स्वतः चढायला गेले आणि अर्ध्यावरून मागे घसरले. मी मागेच होते म्हणून बरं. माझं मनगट जरासंच सुजलंय, मम्मीला सांगू नका.

काका म्हणाले, "पोरी, या उताराने मी डायरेक्ट स्वर्गातच पोचेन." सगळे हसले. मग हळूच म्हणाले, "पण मला उचलून नेऊ नका. तसं असेल तर मी वाचणार नाही."

उतार फारच उभा झालाय, आणि लांब करायला जागाच नाही. म्हणून मी म्हटलं, पुलपीटच खाली आणू, सगळेच खालून वाचतील. पाळकसाहेब म्हणतात, "ज्या सुतारबाबांनी ते बनवून वर बसवलं, ते दुखावतील. रोज प्रार्थनेला येतात ते."

मम्मीचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नका तिला.

पप्पा, तुम्ही तर कितीतरी चर्चची पुलपीटं केलीत. तुमचं एखादं कुणी असं खाली आणलं, तर तुम्हाला वाईट वाटेल का?

तुमची लाडकी,
चिमणी